नव्या कन्सोलबद्दलची समजूत टीव्हीवरची जाहिरात कशी घडवते? कोल्हापुरात हे तपासायचं कसं?

शाहूपुरी_तिसरी_गल्ली (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जनसंवादाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात लघुप्रबंधासाठी हा विषय घेतला आहे: नव्या गेमिंग कन्सोलविषयी (टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र) लोकांची जी समजूत असते, त्यात टीव्ही जाहिरातीचा वाटा किती आणि कसा. क्षेत्र कोल्हापूर शहर. राजारामपुरी, शाहूपुरी, लक्ष्मीपुरी आणि महाद्वार रोड या भागांतल्या ४० जणांशी बोलायचं ठरलंय. वेळ सहा आठवडे.

अडलंय ते असं. "जाहिरातीचा तुमच्यावर परिणाम होतो का?" असं सरळ विचारलं तर जो तो "छे, माझ्यावर नाही होत" म्हणणार. मग विचारायचं काय? दुसरं, जाहिरात सेकंदागणिक सोडवून बघायची रीत कोणाला ठाऊक असेल तर नीट सांगा. "भावनिक आवाहन" वगैरे ढोबळ शब्द मार्गदर्शकांना चालत नाहीत, त्यांना मोजता येईल असं काही हवंय. तिसरं, यंत्राची कुवत एक आणि जाहिरातीनं बसवलेली समजूत दुसरीच, अशी खात्रीशीर उदाहरणं हवीत. आणि दुकानाच्या काउंटरवर गिऱ्हाईक नेमक्या कोणत्या गैरसमजुती घेऊन येतं, हे त्या धंद्यातल्या कोणी सांगितलं तर फार मदत होईल.

कटर_२५_फ्रेम

ताई, एक गोष्ट आधीच पक्की धरा. ज्या प्रक्षेपणातून जाहिरात घरात येते, त्यातून नव्या कन्सोलची कुवत दिसूच शकत नाही. आपल्याकडचं एचडी चॅनल म्हणजे १९२० बाय १०८० ठिपके, इंटरलेस्ड (एका वेळी एकाआड एक ओळी पाठवलेलं), सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ५० फील्ड. साधं एसडी चॅनल ७२० बाय ५७६. शिवाय सेट-टॉप बॉक्सपर्यंत पोचताना चित्र दाबलेलं असतं. पाऊस, धूर, गवत, मैदानावरची गर्दी असं काही पडद्यावर आलं की ठोकळे पडलेले दिसतात. आणि कन्सोल विकायचं कशाच्या जोरावर? ४के चित्र (३८४० बाय २१६० ठिपके) आणि सेकंदाला १२० फ्रेम. जाहिरात २५ फ्रेमांत बनली की १२० पैकी ९५ फ्रेम स्टुडिओतच गळाल्या.

त्यामुळं जाहिरात करणाऱ्यापुढं एकच वाट उरते: यंत्र काय करतं ते न दाखवता ते बघणाऱ्या माणसाचं तोंड दाखवायचं. पोराचे डोळे विस्फारतात, सोफा हलतो, भिंत फुटून लाट आत येते. प्रेक्षक त्या चेहऱ्यावरून चित्राचा दर्जा मनातल्या मनात ठरवतो. तुमच्या प्रबंधाचा गाभा मला इथंच दिसतो, आणि हे मोजताही येतं.

रीत अशी. ३० सेकंदांची जाहिरात म्हणजे ७५० फ्रेम. फाइल वीएलसी प्लेयरमध्ये उघडा आणि कीबोर्डवरची 'ई' दाबत चला, एका दाबाला एक फ्रेम पुढं सरकते. आधी कंट्रोल आणि 'जे' दाबून फाइलचा फ्रेमदर बघून घ्या. इंटरनेटवरची प्रत २४ किंवा ३० ची असू शकते, मग तुमचं सगळं गणित चुकतं. तक्त्यात प्रत्येक शॉटची सुरुवातीची फ्रेम, शेवटची फ्रेम आणि प्रकार लिहा. प्रकार पाचच ठेवा: खेळणाऱ्याला खरोखर दिसतं तसं चित्र, आधी बनवून ठेवलेलं अ‍ॅनिमेशन, माणसं, नुसतं यंत्र किंवा कंट्रोलर, आणि अक्षरं. शेवटी प्रत्येक प्रकाराच्या फ्रेम मोजायच्या. "७५० पैकी खऱ्या खेळाच्या इतक्या" असं एक वाक्य मार्गदर्शकांपुढं ठेवलंत की ढोबळपणाची तक्रार मिटते.

पहिल्या दोन प्रकारांत गल्लत होते, तिथं सावकाश जा. पडद्यावर आरोग्याची पट्टी, नकाशा, गोळ्यांचा आकडा काही नाही आणि कॅमेरा नायकाच्या तोंडाभोवती फिरतोय, तर ते खेळताना दिसणारं चित्र बहुधा नसतं. खालची बारीक अक्षरंही वाचा, प्रत्येकीचा अर्थ वेगळा आहे. "या कन्सोलवर चित्रित" म्हणजे त्याच यंत्रावर चाललंय, पण कॅमेऱ्याचा कोन खेळाडूचाच असेल असं नाही. "पीसीवर चित्रित" म्हणजे यंत्रच दुसरं. "इंजिनमध्ये तयार" म्हणजे गेमचंच सॉफ्टवेअर वापरलंय, पण ते त्या वेगानं त्या यंत्रावर चालेल असा शब्द दिलेला नाही. "स्वतंत्र विक्री", म्हणजे दाखवलेली वस्तू खोक्यात नाही, ही ओळ तर सगळ्यात महाग पडणारी.

बारीक अक्षरांचा वेळसुद्धा मोजा. जाहिरात मानक परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणं सूचनेच्या एका ओळीला पडद्यावर किमान ४ सेकंद मिळायला हवेत, म्हणजे १०० फ्रेम. तुमच्या तक्त्यात ४० फ्रेमची ओळ सापडली तर तिला वेगळा परिच्छेद द्या.

अजून एक. टीव्हीवर चालते ती २० किंवा ३० सेकंदांची काटछाट, इंटरनेटवर असते ती ६० किंवा ९० सेकंदांची प्रत. काटछाट करताना समजावणारे शॉट आधी जातात, चेहरे राहतात. तेव्हा मोठी प्रत मोजून "टीव्ही जाहिरात" असं लिहू नका. सेट-टॉप बॉक्समधून पेनड्राइव्हवर घेतलेलं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा दुसरीकडं उघडत नाही, त्यामुळं चॅनल, तारीख, वेळ आणि सेकंद वहीत टिपा आणि त्या लांबीची प्रत शोधा.

पेचकस_राजारामपुरी

काउंटरवरचं विचारलंय, ते सांगतो. गिऱ्हाइकाच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे टिपत जा, कारण त्यातले निम्मे जाहिरातीतून आलेले असतात.

"८के चालेल ना?" सोनीच्या पीएस५ (प्लेस्टेशन ५) च्या सुरुवातीच्या खोक्यावर ८के चं चिन्ह होतं, पुढं ते काढलं. घरात मात्र ४३ इंची, ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) टीव्ही असतो. त्याच्या एचडीएमआय २.० पोर्टमधून सेकंदाला १८ गिगाबिटच जातात, त्यात ४के आणि ६० फ्रेम मावतात. ४के आणि १२० फ्रेम एकत्र हवे असतील तर टीव्हीला एचडीएमआय २.१ चं पोर्ट आणि १२० हर्ट्झचं पॅनल, दोन्ही लागतं. "आमचा टीव्ही ४के आहे" एवढ्यावर गिऱ्हाईक निर्धास्त असतं.

त्यापुढची तक्रार म्हणजे "जाहिरातीत दिसतं तसं दिसत नाही, पीस खराब लागला". पीसमध्ये काही नसतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय पोर्टला 'एन्हान्स्ड' किंवा 'यूएचडी कलर' असं काहीतरी नाव असतं, ते बंद असतं. किंवा खोक्यातली केबल टीव्हीच्या कपाटामागं पोचत नाही म्हणून सेट-टॉप बॉक्सची जुनी केबल लावलेली असते. कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये स्क्रीन अँड व्हिडिओ, मग व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन उघडा. तिथं ३८४० बाय २१६० दिसायला हवं. १९२० बाय १०८० दिसलं तर केबल, पोर्ट, सेटिंग या क्रमानं तपासा. एचडीआरचं (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारं चित्र) दुखणं निराळं: स्वस्त टीव्ही एचडीआरचा सिग्नल घेतो, पण पॅनलची चमक २५०-३०० निट्सच, म्हणून चित्र उलट काळवंडतं. अशा टीव्हीवर एचडीआर बंद केलेलंच बरं दिसतं.

जागेचा घोळ तर रोजचा. पहिल्या पीएस५ वर ८२५ जीबी लिहिलं होतं, गेम ठेवायला मिळायची साधारण ६६७. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एस वर ५१२, हाताला लागायची ३६४. आजचा एक मोठा गेम १०० जीबीच्या घरात जातो. म्हणजे सिरीज एस वर तीनच मोठे गेम, चौथ्यासाठी एक काढायचा. जाहिरातीत एकापाठोपाठ बारा गेम झळकतात, आणि "एवढे सगळे आत असतात" असं धरून आलेले पालक नेहमी भेटतात.

पीएस५ ला जागा वाढवता येते. एम.२ एसएसडी (यंत्राच्या आत बसणारी साठवणुकीची पट्टी) घ्यायची, पीसीआयई जेन ४, वाचनाचा वेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा त्याहून जास्त, हीटसिंक (उष्णता काढून घेणारा धातूचा भाग) लावलेली, हीटसिंक धरून जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत. बाजारातले काही हीटसिंक याहून उंच असतात, मग आतलं झाकण बसत नाही आणि लोक ते तसंच उघडं ठेवतात. बाहेरून लावलेल्या यूएसबी हार्ड डिस्कवर पीएस५ चे गेम ठेवता येतात, तिथून खेळता येत नाहीत. पीएस४ चे चालतात.

जाहिरातीत यंत्र कुठं उभं असतं तेही बघा. चकचकीत टेबलावर, एकटं, सगळीकडून मोकळं. आपल्याकडं ते शोकेसच्या काचेआड जातं. कंपनी भिंतीपासून किमान १० सेंटिमीटर सोडायला सांगते. काच बंद ठेवली की पंखा ओरडतो, गरम झाल्याची सूचना येते, आणि गिऱ्हाईक म्हणतं "जाहिरातीत तर आवाजच येत नाही". जाहिरातीत कुठल्याच यंत्राचा पंखा वाजत नाही, तिथं संगीत असतं. वीज गेली की धप्पकन बंद पडणं हाही असाच न दिसणारा भाग. कन्सोल खेळताना २०० वॅटच्या आसपास घेतो, ४३ इंची टीव्ही त्यात ८०-१०० वॅटची भर घालतो. ६०० व्हीए च्या यूपीएसला साधारण ३६० वॅट झेपतात, त्यावर गेम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरती मिनिटं मिळतात, डाव पुरा होत नाही.

किमतीचंही सांगतो. भारतात पीएस५ २ फेब्रुवारी २०२१ ला आला, डिस्कवाला ४९,९९० रुपयांना. जाहिरातीत दोघं शेजारी बसून खेळतात, खोक्यात कंट्रोलर एकच. तेव्हाचा दुसरा कंट्रोलर ५,९९०, एक मोठा गेम ४,९९९. म्हणजे जाहिरातीतलं ते एक दृश्य घरात उभं करायला ६०,९७९ रुपये, इंटरनेटवरून खेळायची वर्गणी वेगळी. तुमच्या प्रश्नावलीत "जाहिरातीत दिसलं ते सगळं घरी आणायला किती खर्च येईल?" हा प्रश्न घालाच. मनातला आकडा आणि खरा आकडा यांतलं अंतर हेच तुमचं मोजमाप.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

पेचकसदादा, हा खर्चाचा प्रश्न घेतलाच. डिस्कवाला आणि डिजिटल यांतला फरक लोकांना जाहिरातीवरून कळतो का?

पेचकस_राजारामपुरी

नाही कळत. दोन्ही जवळपास सारखे दिसतात, डिस्कच्या फटीमुळं एक बाजू थोडी फुगीर, एवढंच. सुरुवातीचा डिजिटल घेतला की जुन्या डिस्क विकत घेणं, मित्राकडून आणणं, खेळून झाल्यावर विकणं, सगळं बंद. कोल्हापुरात सेकंडहँड डिस्कवर कितीतरी पोरांचं खेळणं चालतं. स्वस्तातला घेतला म्हणून खुशीत घरी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी डिस्क हातात घेऊन परत येतो. प्रश्नावलीत दोन्हींचे फोटो ठेवा आणि "यातल्या कशात डिस्क चालते?" एवढंच विचारा.

जुनी_कॅसेट

उदाहरणं मागितलीत, काळाच्या क्रमानं देतो. जी दोन कामाची वाटतात तिथं थांबतो.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सेगा या कन्सोल कंपनीनं "ब्लास्ट प्रोसेसिंग" हा शब्द टीव्हीवर आणला. रेसिंगच्या गाडीवर सेगाचा पडदा, खटाऱ्यावर स्पर्धक निन्टेन्डोचा. शब्दाचा अर्थ जाहिरातीनं कधी सांगितला नाही, आणि लोकांनी विचारलाही नाही. त्यात खरं एवढंच: सेगाचा प्रोसेसर, मोटोरोला ६८०००, सुमारे ७.६७ मेगाहर्ट्झवर चालायचा, सुपर निन्टेन्डोचा ३.५८ वर. पण दोन वेगळ्या जातीचे प्रोसेसर नुसत्या मेगाहर्ट्झवर तोलता येत नाहीत, एका सूचनेला कोण किती फेरे घेतो ते बघावं लागतं. रंगांत तर उलटी स्थिती होती, सेगाकडं ५१२ रंगांची पेटी, निन्टेन्डोकडं ३२,७६८. जाहिरातीनं वेग हाच निकष ठरवून टाकला आणि रंगांचा प्रश्न कोणाच्या डोक्यात येऊ दिला नाही. तुमच्या प्रबंधात याला "निकष कोण ठरवतं" असं नाव द्या. आजचा निकष ४के आणि टेराफ्लॉप (यंत्राच्या गणिताच्या वेगाचं माप).

आता निन्टेन्डोचा वी. नोव्हेंबर २००६. दोन जपानी गृहस्थ छोट्या गाडीतून घरोघर जातात, दारात वाकून नमस्कार करतात, आम्हाला खेळायला आवडेल म्हणतात. बघण्यासारखी गोष्ट म्हणजे कॅमेरा पडद्याकडून सोफ्याकडं वळवलेला आहे. आजी, बाप, पोरगी हात हलवताना दिसतात. चित्राच्या बाबतीत वी तेव्हाच्या स्पर्धकांच्या मागं होता, ४८०पी च्या वर जात नव्हता. ते झाकायची गरजच पडली नाही, कारण निकष "कोण खेळू शकतं" हा झाला. १० कोटी १६ लाखांवर यंत्रं खपली. आणि जाहिरातीनं शरीराला काय शिकवलं तेही लगेच दिसलं: लोकांनी इतक्या जोरात हात फिरवले की मनगटाच्या पट्ट्या तुटून रिमोट टीव्हीवर आदळू लागले. डिसेंबर २००६ मध्ये कंपनीनं सुमारे ३२ लाख पट्ट्या बदलून द्यायचं जाहीर केलं. आधीची दोरी ०.६ मिलिमीटर जाडीची होती, बदललेली १ मिलिमीटरची. बॉलिंगला खरं तर नुसतं मनगट पुरतं, पण नव्या यंत्राशी वागायचं कसं हे लोक माहितीपुस्तिकेआधी टीव्हीवरून शिकतात.

त्याच कंपनीचा वी यू नोव्हेंबर २०१२ मध्ये आला. नाव जवळपास तेच, जाहिरातीत सगळा भर हातातल्या पडद्याच्या कंट्रोलरवर, टीव्हीखालचं यंत्र कोपऱ्यात. लोकांना वाटलं जुन्या वीला जोडायची पाटी आली आहे. कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनीच पुढं हा गैरसमज कबूल केला. खप १ कोटी ३५ लाखांवर थांबला. त्यानंतरच्या स्विचची ऑक्टोबर २०१६ मधली पहिली झलक बघा: टीव्हीसमोर खेळणारा माणूस यंत्र उचलतो आणि बाहेर घेऊन जातो. शब्द जवळजवळ नाहीत, तरी यंत्र कसलं आहे हे कळतं. २०२५ मध्ये नाव सरळ "स्विच २" ठेवलं, आणि जाहिरातीत पॉल रड हा नट आणला, जो १९९१ च्या सुपर निन्टेन्डोच्या जाहिरातीत तरुणपणी झळकला होता. जुन्या जाहिरातीची आठवण आता आईबापांच्या पिढीत आहे, म्हणजे रोख खिशावर. लक्षात ठेवा, निन्टेन्डोची अधिकृत विक्री आपल्याकडं नाही, बाहेरून आणलेला माल मिळतो. त्यामुळं कोल्हापुरात त्याबद्दलची समजूत टीव्हीवरून आलेली फार कमी सापडेल. तुलनेसाठी हा गट उपयोगी पडेल.

जाहिरात दिलेला शब्द पुढं मागं घेते, याचं उदाहरण पीएस३. २००९ मध्ये "हे यंत्र फक्त सगळं करतं" अशा अर्थाची घोषणा चालू होती. १ एप्रिल २०१० च्या ३.२१ क्रमांकाच्या अपडेटनं जुन्या यंत्रांवर लिनक्स ही संगणकाची प्रणाली चालवायची सोय काढून घेतली. प्रकरण अमेरिकेत कोर्टात गेलं आणि तडजोडीत मिटलं.

आणि २०१४ चं एक. एक्सबॉक्स वनच्या जाहिरातीत अ‍ॅरन पॉल "एक्सबॉक्स ऑन" म्हणतो. घरात टीव्हीसमोर बसवलेल्या किनेक्टच्या (आवाज आणि हालचाल ओळखणारं उपकरण) माइकनं ते ऐकलं आणि लोकांची यंत्रं आपोआप चालू झाली. जाहिरातीनं यंत्राची कुवत खरोखर घरातच दाखवून दिल्याचा हा एकमेव प्रकार मला ठाऊक आहे, आणि लोक त्यावर वैतागले.

भारतातलं हवं असेल तर एक्सबॉक्स ३६०, २००६. अक्षय कुमार आणि युवराज सिंग यांना घेतलं होतं. गेमिंग म्हणजे कॅसेटवरचं पोरखेळ ही समजूत मोडायला मोठा माणूस लागतो, हा हिशेब त्यामागं दिसतो.

तालमीचं_पोरगं

सगळं खरं, पण कोल्हापुरात टीव्हीला एवढं मोठं करू नका. इथं पोरं कन्सोल पहिल्यांदा बघतात ते तासावर खेळायच्या पार्लरमध्ये, नाहीतर मित्राच्या घरी. आणि बघतात ते फुटबॉल. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच बघून आलेल्या पोराला दोन कंट्रोलर आणि एक फुटबॉलचा गेम दिला की जाहिरातीची गरज काय? वर्ल्ड कपात पेठापेठांत ब्राझील-अर्जेंटिनाचे फलक लागतात, तेच पोरं पडद्यावर खेळतात. ४के कोण बघतंय.

कटर_२५_फ्रेम

तालमीचं_पोरगं, तुमचा मुद्दा प्रबंधात यायलाच हवा, पण एक तपासून बघा. पार्लरमधून बाहेर पडलेल्या पोराला विचारा, हे यंत्र चांगलं का? तो "ग्राफिक्स रिअल वाटतात", "लोडिंग नाही" म्हणेल. खेळ त्यानं पार्लरमध्ये बघितला, शब्द मात्र जाहिरातीतले. टीव्हीचा वाटा तिथं शोधावा लागेल.

नमुना_चाळीस

पद्धतीबद्दल. "परिणाम होतो का" हे विचारूच नका. लोकांना काय माहीत आहे ते विचारा आणि ती माहिती कुठून आली ते तुम्ही जुळवा.

४० जणांचे २०-२० चे दोन गट करा. वय आणि आधी कन्सोल वापरला आहे की नाही, या दोन गोष्टी दोन्ही गटांत सारख्या वाटा. एका गटाला ३० सेकंदांची जाहिरात दाखवा, दुसऱ्याला त्याच यंत्राचा खोक्यावरचा तपशील मराठीत एका पानावर वाचायला द्या. मग दोघांना तेच प्रश्न: खोक्यात काय काय असेल, दोघांना खेळायचं तर अजून काय घ्यावं लागेल, तुमच्या घरच्या टीव्हीवर चित्र कसं दिसेल, सगळा खर्च किती, हे यंत्र घरात कोणासाठी आहे. शेवटचा प्रश्न उघडा ठेवा आणि उत्तर शब्दश: लिहा. "आपल्या पोरासाठी", "तरुण पोरांसाठी", "सगळ्यांसाठी" यांत फरक आहे. पोरगी कोणाच्या तोंडी येते का, तेही मोजा, आणि जाहिरातीच्या तक्त्यात मुली किती फ्रेम दिसल्या त्याच्याशी लावून बघा.

जाहिरात बघण्याआधी तिच्याविषयी काहीही विचारू नका. आधी "ही जाहिरात पाहिली आहे का?" म्हटलं की माणूस सावध होतो. ते सगळ्यात शेवटी. पाच-सहा जणांना तीच जाहिरात आवाज बंद करून दाखवा. आवाजाशिवाय खर्चाचा अंदाज खाली आला, तर संगीतानं यंत्र भारी वाटतं हे तुमच्या हाती लागलं. इतक्या थोड्या लोकांवर टक्केवारी काढू नका, "६ पैकी ४" असंच लिहा.

सात दिवसांनी फोनवर पुन्हा दोनच प्रश्न विचारा: खोक्यात काय मिळतं, आणि हे तुम्हाला कुठून कळलं. आठवड्यानं माणूस माहिती लक्षात ठेवतो आणि तिचा उगम विसरतो. "कोणीतरी मित्र म्हणाला" असं उत्तर जाहिरात गटातून आलं की त्याखाली रेघ ओढा. तुम्ही ज्या "माझ्यावर नाही होत" ची काळजी करताय, ते असंच घडतं.

दोन ठिकाणी घात होईल. दुकानात मुलाखत घेतली तर विक्रेत्याची वाक्यं उत्तरात मिसळतात, म्हणून दुकानाबाहेर किंवा आत शिरण्याआधी बोला. आणि टंचाईचा परिणाम जाहिरातीच्या खात्यावर टाकू नका. जानेवारी २०२१ मध्ये पीएस५ ची आगाऊ नोंदणी भारतात काही मिनिटांत संपली होती. "मिळत नाही म्हणजे भारीच असणार" ही समजूत बातम्यांतून आली. "हे यंत्र मिळवायला अवघड आहे का?" असा एक प्रश्न ठेवला की ती वेगळी काढता येते.

१८ वर्षांखालच्या मुलांशी बोलायचं तर पालकांची लेखी संमती हवी, मराठीत, सहीसकट. प्रकरणाच्या शेवटी कायद्याचा भाग घेणार असाल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ९ जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. मुलांना अवास्तव अपेक्षा वाटाव्यात अशा प्रकारे वस्तूचे गुण फुगवायचे नाहीत, आणि "आईबाबांकडं हट्ट धरा" असं थेट सुचवायचं नाही, हे त्यात आहे. खालची सूचना दाव्याच्याच भाषेत हवी, हेही आहे. मराठी किंवा हिंदी आवाज चढवलेल्या जाहिरातीत बारीक अक्षरं इंग्रजीत राहिली आहेत का, हे कटरभाऊंच्या तक्त्यात एक रकाना वाढवून तपासा.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

सगळ्यांचे मनापासून आभार. तक्त्यात सूचनेची भाषा, मुलींच्या फ्रेम आणि डिस्कची फट असे तीन रकाने वाढवले. आधी सहा जणांवर चाचणी घेते. एक राहिलं: बाहेरून आणलेलं यंत्र आणि अधिकृत यंत्र यांतला फरक लोकांना ओळखता येतो का, हे विचारावं म्हणते. काउंटरवर तो कसा ओळखतात?

पेचकस_राजारामपुरी

खोक्याच्या खाली आणि यंत्राच्या मागं भारतीय मानक ब्युरोची नोंदणी बघायची. 'आर' आणि पुढं आठ आकडे. व्हिडिओ गेमची यंत्रं सक्तीच्या नोंदणीत आहेत. तो क्रमांक बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. शिवाय खोक्यावर आयात करणाऱ्याचा भारतातला पत्ता आणि रुपयांत कमाल किंमत छापलेली असते. बाहेरच्या मालावर हे नसतं, कधी प्लगही निराळा असतो, आणि इथल्या सेवा केंद्रात वॉरंटीसाठी अडवतात. चाचणीला दोन्ही खोक्यांच्या तळाचे फोटो घेऊन जा, वरच्या बाजूचे नको, वरून दोन्ही सारखेच दिसतात.